उधाणाची हद्द

ठाणे, १८८५. म्युनिसिपालटीच्या निवडणुकीत मिठागरवाल्यांचा पाडा आपल्याला मत देणार नाही, हे मोरोपंतांनी ओळखलं. त्यांनी वजन वापरून वॉर्डाची हद्दच बदलून घेतली: अमावास्येच्या उधाणाचं पाणी ज्या घरात शिरेल, ते घर वॉर्डाबाहेर. पाड्यात ते दर वेळी शिरायचंच.

अमावास्येच्या भर दुपारी कारकून मतदारांची यादी घेऊन पाड्यावर आला. खाडी चढत होती. पाड्यातल्या आवडाबाईने आठ दिवस सगळ्यांना कामाला लावून उंच बांध घातला होता. तो थरथरला, पाझरला, पण फुटला नाही.

“लिवा सायब, आमची घरा सुकी हान.”

अडलेलं पाणी वळलं आणि शेजारच्या आळीत घुसलं.

* * *

मोरोपंत स्वतःच्या ओसरीवर गुडघाभर पाण्यात उभे होते. कारकुनाने हळूच विचारलं, “पंत, नाव खोडू?”