मामंजींचा शब्द

नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या पूर्वजांच्या सणात अडिगुन डोक्यापासून पायापर्यंत रंगीत कापडं पांघरून, आपल्या मेलेल्या वडिलांच्या रूपात दारोदार आशीर्वाद देत फिरत होता. आत कोण आहे, हे कुणी विचारायचं नसतं.

त्याच्याच दारात बायको असाबीनं गुडघे टेकले. "मामंजी, तुमचा मुलगा तीन वर्षं म्हणतोय, उद्या छप्पर शाकारतो."

कापडाआड अडिगुनला घाम फुटला. "शाकारेल," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"नक्की कधी?"

सगळी गल्ली ऐकत होती. पूर्वजाचा शब्द खोटा पडून चालणार नव्हतं.

"उद्या सकाळी."

असाबीनं मान खाली घालून हसू लपवलं. "आणि तो फार घोरतो, मामंजी."

"त्याला इलाज नाही, सूनबाई. त्यात तो माझ्यावर गेलाय," म्हणत पूर्वज लगबगीनं पुढच्या दाराकडे वळले.