आमच्या माटोळीचं तोरंजन

“दुपारची बस गेली तर पुढे मिरजेची गाडी मिळायची नाही,” यशवंत म्हणाला आणि त्याने बहिणीची ट्रंक सोप्यावर आणून ठेवली.

 शालिनीचा नवरा जयराम खाणीवरच्या ट्रकच्या अपघातात गेला, त्याला दीड वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं. गोव्यातल्या इब्रामपूरच्या त्या घरात दोघीच उरल्या होत्या, ती आणि सासू सत्यवती. आज सकाळी भाऊ अचानक दारात उभा राहिला. न्यायला आलोय म्हणाला. त्यावर सासूने “जा” एवढंच म्हटलं आणि ती चुलीपाशी जाऊन बसली. तो एक शब्द शालिनीच्या जिव्हारी लागला. एकदा तरी राहा म्हणायला हिचं काय जात होतं?

तसं दोघींचं सूत कधी जुळलंच नव्हतं. परसातल्या फळाच्या नावावरूनही खटके उडायचे. सासू म्हणायची तोरंजन, मिरजेची शालिनी म्हणायची पपनस. “हय ऱ्हवतंस, तर हयचाच नाव घे,” सासू चिडायची. मग तर शालिनी मुद्दाम पपनसच म्हणायची.

चवथ तोंडावर आली होती. गणपतीवर टांगायच्या माटोळीला रानातली, परसातली फळं बांधायची, म्हणून सासूने दोन मोठी फळं उतरवून सोप्याच्या कोपऱ्यात ठेवली होती. यशवंतने त्यातलं एक उचललं, नाकाशी धरलं.

“काय झकास पपनस आहे! आईला नेऊ या.” तो ते पिशवीत टाकू लागला.

“ठेव ते, दादा!” शालिनीने झडप घालून ते काढून घेतलं. “आमच्या माटोळीचं तोरंजन आहे ते.”

बोलली, आणि तीच चपापली. यशवंत तिच्याकडे बघतच राहिला. फळ पोटाशी धरून ती तशीच उभी.

सत्यवती केव्हाची उंबऱ्यात आली होती. तिने पदराने डोळे पुसले, ट्रंकेची कडी धरली आणि ट्रंक घरात ओढायला लागली.

“यशवंता,” ती म्हणाली, “माझ्यापायी पोरीचा आयुष्य फुकट जाव नये म्हणान मियाच तुका बोलवलंय. आता मियाच सांगतंय. जेव, आणि एकटोच जा.”