झोपलेल्याचा अंगठा

लिंबागणेशला म्हणे एका झोपलेल्या शेतकऱ्याच्या अंगठ्याला चुलत्यानं शाई फासली, कागदावर उठवला आणि निजामाच्या कचेरीत त्याचं सगळं रान आपल्या नावावर करून घेतलं. ही बातमी गहिनीनाथनं बाजारातून घरी आणली, तेव्हा त्याच्या आईनं धसकाच घेतला. "बायना," तिनं सुनेला हुकूम सोडला, "ह्यो जेवून आडवा झाला की ह्याचा अंगठा मुठीत धरून बसत जा."

"बरं, आत्याबाई," सून म्हणाली.

ज्या घरात सासूसमोर नवऱ्याकडं नुसतं बघायचीही सोय नव्हती, त्या घरात सून रोज दुपारी भर ओसरीवर नवऱ्याचा हात धरून बसू लागली. गहिनीनाथलाही त्या दिवसापासून दुपारची झोप फार यायला लागली.

एकदा म्हातारी परसात गेलेली बघून तो डोळे मिटूनच पुटपुटला, "अगं, लिंबागणेशला आसं कायबी झालेलं न्हाई."

बायनानं मूठ सैल केली नाही. "माहीत हाय. मावशी ऱ्हाती माझी तिथं, तिला कवाच इचारलं मी. आता गप पडा, आत्याबाई यायल्यात."