तीन शिट्ट्यांचा भात

कुकरची शिट्टी झाली, ती फोनवरही ऐकू गेली.

"भात का गं?" पलीकडून विश्रामकाकांनी विचारलं.

"हो काका. सॉरी हं, घरूनच काम करते. मुलगी लहान आहे ना."

तिने गॅस बारीक केला. सान्वी पलंगावर झोपली होती. ती उठायच्या आत उरकायला हवं होतं. शेअरबाजारात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांना ॲप समजावून द्यायचं, खातं उघडून द्यायचं, हे तिचं काम.

"असू दे गं. आमच्याकडे भाताला तीन शिट्ट्या." वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या नोकरीतून काका नुकतेच निवृत्त झाले होते. "माझं काही ठरेना बघ. पुतण्या म्हणतो, ते मोठं ॲप घ्या. शेजारचे म्हणतात, बँकेचंच बरं. आणि हे तुमचं तिसरं."

"तिन्ही बघा की. घाई कशाला?"

"बघितली. मोठ्यावाल्यांना फोन लावला, तर एक दाबा, दोन दाबा. माणूस काही भेटेना. पुतण्या म्हणतो, काका, तुम्हाला नाही झेपायचं. तू बरी. तीनदा विचारलं तरी चिडत नाहीस."

तिचे वडीलही असेच, एकच गोष्ट तीनदा विचारायचे. ती क्षणभर ओट्याला टेकून उभी राहिली.

"काका, सगळे पैसे एकदम नका टाकू. काकूंचं ऑपरेशन आहे म्हणालात ना?"

"त्यासाठीच तर! प्रमोदिनी वर्षभर जिना उतरलेली नाही. थोडे वाढले तर दोन्ही गुडघे एकदमच करून घेऊ."

दुसरी शिट्टी झाली. तिने गॅसच्या बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"आणि ओटीपी कुणाला सांगू नका हं. अनोळखी माणसाला तर मुळीच नाही."

"तू कुठे अनोळखी? तुझा कुकर ऐकतोय मी इथे!" काका खोकत खोकत हसले. मग चष्मा शोधण्याची खुडबुड. "देवयानी, हिरवंच बटण ना?"

"हो काका. हिरवंच."

तिसरी शिट्टी झाली.

"गेले गं. सगळे."

"आले काका. दिसले मला."

"सुटलो बाई! जा आता, जेव. पोरीलाही गरम गरम भरव."

तिने फोन ठेवला, गॅस बंद केला. पिनेने मोबाइलमधलं सिम काढलं, कात्रीने त्याचे दोन तुकडे केले आणि डब्यातलं नवं सिम घातलं.

मान वर केली तर सान्वी समोर उभी. डोळ्यांत झोप, हातात तिची छोटी ताटली.

"आई, फोनवर बोलायचं असलं की तू कुकरमध्ये नुसतं पाणीच का लावतेस?"