एक मिनिट हिरवं

"सर, हातमोजे," ताई म्हणाल्या.

"दोनच मिनिटं आहेत हो माझ्याकडे. बैठक आहे," म्हणत सर तसेच टेबलाशी आले.

टेबलावर तळ्याच्या तळातला गाळ भरलेली मीटरभर लांब नळी आडवी ठेवली होती. वरच्या टोकाला अलीकडचा गाळ, खालच्या टोकाला नऊ हजार वर्षांपूर्वीचा. भूगोल विभागात अशा नळ्या उघडायचं काम प्रयोगशाळेच्या ताईंचं. कुणाचं बोट कापलं जाणार नाही हे बघायचं कामही त्यांचंच. संशोधन करणाऱ्या मुलीने तीन वर्षं खपून ही एकच नळी धड आणली होती. दुसरी मिळायची नव्हती. तळ्यात आता भराव पडला होता. ती मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती.

नळीचं प्लास्टिक कापून झालं होतं. ताईंनी श्वास रोखून बारीक तार गाळातून ओढली. साबणाच्या वडीसारखे दोन भाग झाले.

"वा!" सरांनी पातं उचललं आणि गाळ साफ करायला वरच्या टोकाला टेकवून खाली ओढणार, तोच ताईंनी त्यांचं मनगट धरलं.

मुलीने डोळेच मिटून घेतले.

"लांबीला नाही, सर. आडवं. हा वरचा गाळ नऊ हजार वर्षांवर सारवला जाईल. मग पोरीने वय कशाचं मोजायचं?"

सरांचे कान लाल झाले. त्यांच्या हाताखाली अठरा प्रबंध झाले होते. मनगट कुणी धरलं नव्हतं. त्यांनी पातं खाली ठेवलं.

ताईंनी ते पुसलं, आडवं फिरवलं. पुन्हा पुसलं, पुन्हा फिरवलं. बाळाचं तोंड पुसावं इतक्या हलक्या हाताने. खालच्या टोकाजवळ त्या थांबल्या.

"या इकडे. पटकन! फोन शोधत बसू नका, नुसतं बघा."

काळ्या गाळात एक पान होतं. नखाएवढं. हिरवंगार, शिरांसकट, आत्ताच झाडावरून पडल्यासारखं.

"अगं बाई..." मुलगी पुटपुटली.

"हवा लागली की जातं," ताई हळूच म्हणाल्या.

आधी कडा तपकिरी झाली. मग मधली शीर. भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटा एक फेरी पुरी करेपर्यंत पान काळं पडलं.

सर वाकलेलेच राहिले.

"तीस वर्षं लिहितोय मी या पानांवर. माझ्याकडे येतात ती काळीच. मला वाटायचं, असतातच काळी."

"तुमच्या खोलीत, वरच्या मजल्यावर पोचेस्तोवर होतात तशी," ताई म्हणाल्या. "तुमची बैठक, सर."

सर दाराशी गेले. तिथल्या डब्यातून हातमोजे काढले, घातले, आणि परत येऊन ताईंच्या मागे, त्या मुलीशेजारी उभे राहिले.