ब्रेकवाल्याची गाडी

"ब्रेकला हात लावायचा नाही," वडील म्हणाले. "तू तुझी मीटरं बघ. ब्रेक मी एकटा करीन."

लेकीने मान डोलावली आणि स्पीडोमीटरचं कडं हळूच उचकटलं. कारखान्यात दाबमापकं तपासायची तिची नोकरी, म्हणून घरात तिचं नाव मीटरबाई पडलं होतं. काच आतून धुरकट झाली होती, ग्रीस वाळून खडा झालं होतं. तिने काडीने ते खरवडलं, बारीक तेलाचे दोन थेंब सोडले आणि ड्रिलला जोडून केबल फिरवली. काटा थरथरला, तीसपर्यंत गेला, शहाण्यासारखा शून्यावर परत आला.

"जमलं की मीटरबाई," वडील म्हणाले. मागच्या खोलीत ताडपत्रीखाली पडलेल्या त्या मोटारसायकलचं अकरा वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं.

तिने हौसेने सीटवर बसून पाहिलं आणि ब्रेक समजून उजवा पाय दाबला.

"तो गिअर. या गाडीचा ब्रेक डावीकडे. स्कूटरची सवय असलेला माणूस हमखास फसतो." एवढं बोलून ते पाणी प्यायला म्हणून उठले, काठी टेकत आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी आईवडील याच गाडीवरून तलावाकडे फिरायला गेले होते. उतारावर ब्रेक लागला नाही आणि गाडी कठड्यावर आदळली. आईचं खरचटण्यावर निभावलं, वडिलांचा गुडघा कायमचा गेला. पण गुडघ्याचं एक वेळ चाललं असतं, त्यांचं नाव गेलं. तीस वर्षं त्यांचं दुकान ब्रेकचंच होतं. दूरदूरची माणसं वाट वाकडी करून त्यांच्याकडे गाडी आणायची. "ब्रेकचं लायनिंग झिजून संपलं होतं, बदलायचा आळस केला," असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगितलं. ज्याच्या स्वतःच्या गाडीला ब्रेक नाही, त्याच्याकडे कोण जाईल? वर्षाच्या आत दुकानाचं शटर खाली आलं.

मामा अजूनही आला की दारातूनच विचारायचा, "काय भाऊजी, ब्रेक लागतोय ना?" वडील सगळ्यांच्या आधी हसायचे. आई मात्र भावावर उखडायची. "लागला नाही म्हणजे नाही लागला. त्यात कोण काय करणार?" मग कोमट तेलाची वाटी घेऊन ती त्यांचा गुडघा चोळत बसायची. स्वतःची स्कूटर तिने त्याच महिन्यात विकून टाकली होती आणि मागच्या खोलीत ती पाऊलही टाकत नसे.

लेकीच्या गळी ही गोष्ट कधीच उतरली नाही. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा माणूस लायनिंगचा आळस करेल? गाडी दुरुस्त करणं हे नुसतं निमित्त होतं. तिला बाबांचं नाव परत मिळवून द्यायचं होतं, आणि ते मागच्या चाकाच्या ब्रेक-ड्रममध्ये बंद होतं.

शनिवारी आई वडिलांना गुडघा दाखवायला दवाखान्यात घेऊन गेली. दोघं कोपऱ्यावर वळेपर्यंत लेक खिडकीत उभी राहिली, मग पाना घेऊन मागच्या खोलीत गेली. मागचं चाक काढायला तासभर लागला. नटबोल्ट गंजून हट्टाला पेटले होते.

ड्रम उघडला आणि ती तशीच जमिनीवर बसली.

लायनिंग जाडजूड होतं. तिने मापून पाहिलं, जेमतेम घासलेलं. स्प्रिंगा ताठ होत्या, दांडा जागच्या जागी, पुढच्या ब्रेकची केबलही शाबूत. आणि कडेला वडिलांनी टोच्याने कोरलेली तारीख होती. आपण बसवलेल्या प्रत्येक लायनिंगवर ते तारीख कोरायचे. ही तारीख अपघाताच्या नऊ दिवस आधीची होती.

तिला रडू आलं, आणि रडता रडता हसूही आलं. मामाला काय काय सुनवायचं, ते तिने मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं.

दुपारी काठीचा आवाज आला. आई स्वयंपाकघरात गेली, वडील एकटेच मागच्या खोलीत आले. उघडा ड्रम बघून ते दारातच थांबले. मग त्यांनी मागे हात नेऊन दार लोटलं.

"बाबा, ब्रेक ठणठणीत होते. तुमच्याच हातची तारीख आहे, बघा ना. तुमची काडीचीही चूक नव्हती. थांबा, आईला बोलावते. मग मामाला फोन."

त्यांनी लायनिंग हातात घेतलं, अंगठा फिरवला. "काम चांगलं झालं होतं," ते म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले. मग त्यांनी पेटीतून कानस काढली आणि तारखेवर घासायला सुरुवात केली.

लेकीने त्यांचं मनगट धरलं. "वेड लागलंय का तुम्हाला? अकरा वर्षं ऐकून घेतलंत. दुकान गेलं."

"दुकान गेलं तर गेलं. आईला सांग, लायनिंग पार संपलं होतं. बोटाला सुद्धा लागत नव्हतं म्हणावं. शपथ आहे तुला."

आतून आईचा आवाज आला. "काय गं, सापडलं का काही?" आवाज नेहमीसारखाच होता, फक्त भांड्यांचा आवाज थांबला होता.

लेक हलली नाही. "आधी मला सांगा. ब्रेक चांगले होते, गाडी तुमच्या हातात होती. मग उतारावर ब्रेक दाबला का नाहीत?"

वडिलांनी हलकेच आपलं मनगट सोडवून घेतलं आणि पुन्हा कानस उचलली.

"बाळा," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी पुढे मी कुठे बसलो होतो?"