शेपटीची बाजू

अंड्याच्या डाव्या टोकाला एक फिकट ठिपका उमटला होता. अंडं केसाच्या जाडीहून किंचित लहान, आणि ठिपका त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. म्हणजे शुक्राणू डावीकडून आत शिरला होता. आता दहा-बारा मिनिटांत अंडं दुभंगणार आणि त्यातून होणाऱ्या कृमीचं डोकं कुठे, शेपूट कुठे, ते कळणार.

"डावीकडे," मुंगी म्हणाली आणि वहीत बाण काढला. "आता शेपूट उजवीकडे आली की मी सुटले."

मुंगी हे नाव प्रयोगशाळेने ठेवलेलं. सतत कामात, म्हणून. शेजारच्या स्टुलावर ताई बसली होती, तिची वरिष्ठ. दोघींचं लक्ष स्क्रीनवर होतं.

शुक्राणू ज्या टोकाने शिरतो, तिथेच पुढे शेपूट होते. हा नियम पुस्तकांत आहे. या एका जातीच्या कृमींत मात्र निम्मी अंडी उलटी वागतात, असं ताईने सहा वर्षांपूर्वी दाखवलं होतं. त्या शोधावर तिला इथली कायमची जागा मिळाली. अंडी उलटी का वागतात, हे शोधायचं काम मुंगीकडे आलं. तीन वर्षांत तिने चारशे बारा अंडी पाहिली. एकही उलटं निघालं नाही.

सुरुवातीला सर, प्रयोगशाळेचे प्रमुख, हसायचे. "अळ्या तुझं ऐकत नाहीत वाटतं." मग ते हसेनासे झाले. तापमान चुकलं असेल, काच जास्त दाबली गेली असेल, जातच बदलली गेली असेल. प्रत्येक वेळी मुंगीने पहिल्यापासून सुरुवात केली. तिने ताईकडे जुनी चित्रंही मागितली होती. शोधते, असं ताई म्हणाली होती. ती अजून शोधत होती. शेवटी सरांनी सांगितलं, सगळ्यांच्याच हाताला हे काम येत नाही. आज चार वाजता ते मुंगीच्या अर्जावर सही करणार होते. काम झेपत नसल्यामुळे सोडत आहे, असं तिनेच लिहिलं होतं. हे शेवटचं अंडं होतं. चार वाजायला वीस मिनिटं होती.

"आई म्हणते, अळ्याच पाळायच्या होत्या तर रेशमाच्या पाळायच्यास. निदान एखादा रुमाल तरी झाला असता."

ताई हसली नाही. मुंगीही हसली नाही. तिच्या बोटांची सालं निघाली होती. दिवसातून कितीदा हात धुवायची कोण जाणे.

"ताई, खरं सांगा. मी कुठे चुकते?"

"स्क्रीनकडे बघ," ताई म्हणाली.

उजवीकडून दुसरा ठिपका निघाला, अंड्याचा स्वतःचा. तो अंडं ओलांडून डावीकडच्या ठिपक्याला जाऊन भिडला. दोघे मिळून मध्यावर आले. मग काही वेळ काहीच घडलं नाही. मुंगीचा श्वास ऐकू येत होता. "ये ना गं बाई," ती पुटपुटत होती, "एकदाच ये."

अंड्याला खाच पडली. बरोबर मध्ये नाही. मध्याच्या किंचित डावीकडे. उजवा भाग मोठा, डावा लहान. लहान भागाकडे शेपूट.

डावीकडे.

"चारशे तेरा," मुंगी म्हणाली. तिने चष्मा काढला, बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा घातला. "जतन तरी करून ठेवते. पुढच्याला उपयोगी पडेल."

तिने दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एक शुक्राणू शिरल्याचं, एक दुभंगल्यानंतरचं. कृमींची चित्रं ठेवायची एक रीत आहे: डोकं नेहमी डावीकडे हवं. इथे ते उजवीकडे होतं. मुंगीने दुसरं चित्र फिरवलं. डोकं डावीकडे आलं, शेपूट उजवीकडे गेली.

तिचा हात तिथेच थांबला.

पहिल्या चित्रात ठिपका डावीकडे. दुसऱ्या चित्रात शेपूट उजवीकडे. तीन वर्षं ती जे शोधत होती, ते स्क्रीनवर नीटस दिसत होतं.

"बघा," ती कोरडं हसली. "एवढंच हवं होतं मला. अजून पहिलं फिरवायचं राहिलंय, म्हणून तसं दिसतंय." तिने पहिलं चित्रही फिरवलं. ठिपका उजवीकडे गेला, शेपटीच्या बाजूला. "झालं. पुन्हा शहाणी मुलगी."

ताईने स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"निम्मी अंडी तर अशीच निघणार ना, डोकं उजवीकडे असलेली?" मुंगी स्वतःशीच बोलत होती. "प्रत्येकाची दोन्ही चित्रं फिरवायची. कंटाळा येतो. पण इलाज नाही."

दार उघडलं. सर आत आले, हातात अर्ज.

"काय मुंगीबाई?"

"सरळ निघालं, सर."

"हं." त्यांचा आवाज कडक नव्हता. त्यामुळे जास्त लागलं. "वाईट वाटून घेऊ नकोस. दुसरीकडे जमेल तुला काहीतरी." त्यांनी टेबलावर जागा केली, अर्ज ठेवला, खिशातून पेन काढलं. "ताई, तुम्हाला काही म्हणायचंय? तुमच्याच हाताखाली होती."

मुंगीने मान खाली घातली होती. ताई उठली. तिने अर्जावर हात ठेवला, सही करायच्या जागेवर.

"सर, हिचे हात चांगले आहेत. माझी ती अंडी कधीच उलटी नव्हती. मी दुसरं चित्र फिरवत गेले आणि पहिलं तसंच ठेवलं. मला हे आठ महिन्यांपासून माहीत आहे."